भराव टाकण्याआधी रेषा आखून घ्या

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"आम्ही कोल्हापुरात भाड्यानं राहतो. मिस्टर एमआयडीसीत नोकरीला, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. सासरे गेल्यावर कळंबा तलावाजवळची 11 गुंठे जमीन मिस्टर आणि थोरले दीर यांच्या नावावर आली. आमच्या वाट्यात घर बांधायचं आहे. जमिनीचा खालचा कोपरा तलावाकडे उतरतो. पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी साचतं, दिवाळीपर्यंत हटत नाही, पाणकोंबड्या आणि बगळे येतात. दीर म्हणतात, ग्रामपंचायतीचा दाखला घ्या, घरफाळा लावून घ्या आणि बांधा, शेजारी सगळ्यांनी तसंच केलंय. एक एजंट म्हणतो, आधी मुरमाचा भराव टाका, कोपरा वर आला की मग अर्ज करा. कळंबा माणसानं बांधलेला तलाव आहे, त्याला पाणथळीचा कायदा लागत नाही. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. मिस्टरांना भावाचं मन मोडवत नाही. मला रात्री झोप लागत नाही. कर्ज काढून बांधलेलं घर उद्या पाडायला आले तर? परवानगी कुणाकडे आणि कशी मागायची?"

ताई, तुमची झोप उडाली आहे ती योग्य कारणानं. आधी तातडीचं सांगतो. मुरमाचा एकही डंपर त्या कोपऱ्यात उतरू देऊ नका. आगाऊ रक्कम दिली असेल तर ती बुडाली तरी चालेल.

पाणथळ जागेचा कायदा ज्या गोष्टींना सरळ मनाई करतो, त्यात पहिलीच गोष्ट ही आहे: पाणथळ जागा दुसऱ्या वापरासाठी बदलणं. भराव म्हणजे नेमकं तेच. घर नंतरचं, गुन्हा भरावापासूनच सुरू होतो. शिवाय मुरूम हे गौण खनिज आहे. तो कुठून आणला, वाहतुकीचा परवाना होता का, रॉयल्टी भरली का, हे तहसीलदार विचारतात आणि दंड जमीनमालकाला बसू शकतो, एजंटाला नाही. तिसरं कारण मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. आज त्या कोपऱ्यात पाणी कुठवर येतं हे डोळ्यांना दिसतं. भराव पडला की ही खूण पुसली जाईल, आणि उद्या तुमचं घर रेषेबाहेर असलं तरी ते सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच राहणार नाही. उपग्रहाच्या जुन्या चित्रांत मात्र ते पाणी दिसत राहील.

आता "माणसानं बांधलेला तलाव" या मुद्द्याकडे येऊ, कारण यात अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यानंच माणूस फसतो.

केंद्र सरकारचे पाणथळ जागांबाबतचे सध्याचे नियम 26 सप्टेंबर 2017 चे आहेत. ते रामसर दर्जाच्या, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असलेल्या जागांना आणि केंद्रानं किंवा राज्यानं अधिसूचित केलेल्या जागांना लागू होतात. महाराष्ट्रात रामसर जागा नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी इथं आहेत, कोल्हापूर जिल्ह्यात एकही नाही. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले तलाव या नियमांतून वगळले आहेत, हेही खरं. कळंब्याचं पाणी शहरानं पिढ्यान्‌पिढ्या प्यायलं आहे. एजंटाचं बोलणं इथवर बरोबर आहे.

पुढचं तो सांगत नाही. इस्रोनं देशभरातल्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह केला. त्यात सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या जागांची संख्या 2,01,503 आहे, आणि त्या मोजणीत नैसर्गिक तळ्यांबरोबर माणसानं बांधलेले तलाव आणि जलाशयही धरले आहेत. 8 फेब्रुवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की या सगळ्या जागांना 2010 च्या नियमांतल्या चौथ्या नियमाच्या तत्त्वानुसार संरक्षण राहील. त्याच चौथ्या नियमात भराव, अतिक्रमण आणि पक्कं बांधकाम यांची मनाई आहे. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयानं राज्यांना या जागांची प्रत्यक्ष पडताळणी आणि हद्दनिश्चिती पूर्ण करायला सांगितलं. म्हणजे तुमचे कर्जाचे हप्ते चालू असतानाच तलावाची हद्द कागदावर नव्यानं आखली जाऊ शकते.

2017 च्या नियमांतली सूट आणि न्यायालयाचा आदेश या दोन्हींचा मेळ एका विशिष्ट गटाबाबत कसा लावायचा, हे एजंटानं चहाच्या टपरीवर ठरवायचं नाही, आणि मी इथं बसूनही ठरवू नये. ते अधिकाऱ्यानं सहीशिक्क्यानिशी सांगायचं असतं. तुम्ही जिल्हाधिकारी कार्यालयाला साधा अर्ज करा: आमचा अमुक गट, अमुक क्षेत्र. लगतचा तलाव पाणथळ जागा म्हणून अधिसूचित किंवा यादीत आहे का? असल्यास त्याची हद्द आणि प्रभावक्षेत्र आमच्या गटावरून जातं का? नकाशाची प्रत द्यावी. हाच प्रश्न पर्यावरण विभागाच्या अखत्यारीतल्या राज्य पाणथळ प्राधिकरणालाही पाठवा. उत्तर लांबलं तर माहितीच्या अधिकारात तोच मजकूर पुन्हा घाला. 10 रुपयांचं शुल्क आणि 30 दिवसांची मुदत आहे. तरी गप्प राहिले तर पहिलं अपील. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तुम्ही शिक्षिका आहात, नीट लिहिलेल्या कागदाचं वजन तुम्हाला मी सांगायला नको.

प्रभावक्षेत्र हा शब्द मुद्दाम घातला. अधिसूचित जागेच्या पाण्यापलीकडे, जिथलं काम त्या पाण्यावर परिणाम करतं, तो पट्टाही आखला जातो आणि तिथं काय चालेल, काय अटींवर चालेल याची यादी केली जाते. तुमची जमीन तलावाकडे उतरते. तुमच्या अंगणातलं पावसाचं पाणी शेवटी तिकडेच जाणार, म्हणून हा प्रश्न तुम्हाला लागू आहे.

आणि अंतर. नियम म्हणतो, सरासरी उच्च पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम नाही, अपवाद फक्त होड्यांच्या धक्क्याचा. ही पातळी दहा वर्षांच्या निरीक्षणावरून काढायची असते. लोक इथंच चुकतात. एप्रिल-मे महिन्यात तलाव आटलेला असतो, तेव्हा पाण्याच्या कडेपासून फीत धरतात आणि साठ-सत्तर मीटर भरलं की निश्चिंत होतात. अंतर मोजायचं ते भरलेल्या पाण्यापासून. तुमच्या कोपऱ्यात दिवाळीपर्यंत राहणारं पाणी तलावाच्या फुगवट्याचं आहे की वरून उतरून अडलेलं, हे आधी कळायला हवं. तलाव भरून सांडव्यावरून वाहतो त्या दिवशी तुमच्या शेतात जाऊन बघा. दोन्हीकडचं पाणी एकच पसरट झालं असेल तर उत्तर मिळालं. मध्ये कोरडा उंचवटा राहत असेल तर गोष्ट वेगळी. पाणी जिथवर येतं तिथं खुंट्या ठोका, तारखेसह फोटो काढा. पुढं मोजणीदार येईल तेव्हा त्याला या खुंट्या दाखवता येतील.

परवानगी कुणाकडे मागायची, हे तुमचा गट कुठल्या हद्दीत येतो त्यावर ठरतं. महापालिकेच्या हद्दीत असेल तर महापालिकेचा नगररचना विभाग. शहराभोवतीच्या 42 गावांसाठी 2017 मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, त्यांच्या क्षेत्रात असेल तर प्राधिकरण. त्याहून बाहेर असेल तर जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालय. हद्दवाढीच्या इतक्या वर्षांच्या वादामुळे आपल्याकडे शहर कुठं संपतं हे रस्त्यावरून चालताना कळत नाही, म्हणून अंदाज नको. गट नंबर घेऊन जा आणि झोन दाखला व भाग नकाशा मागा. जमीन शेती विभागात आहे की रहिवास विभागात, एखादं आरक्षण आहे का, ओढा किंवा तलावाची हद्द कुठून जाते, हे त्यावर दिसतं. झोन दाखला हातात येईपर्यंत घराचा आराखडा काढायला कुणाला पैसे देऊ नका.

थोरल्या भाऊजींचं म्हणणं त्यांच्या काळाला धरून आहे, हे मी समजू शकतो. गावात घर बांधायचं तर सरपंचाला विचारायचं, एवढाच रिवाज होता. पण प्राधिकरणाच्या क्षेत्रात बांधकाम परवानगी देणारं नियोजन प्राधिकरण ग्रामपंचायत नाही. तिचा ना हरकत दाखला फाइलला जोडता येतो, त्याच्या जोरावर पाया खोदता येत नाही. घरफाळ्याचं तर त्याहून साधं आहे. अनधिकृत घरालाही घरफाळा लागतो. पावती दाखवून घर अधिकृत ठरत नाही, आणि बँकेचा वकील ती पावती बघून कर्जही मंजूर करत नाही.

शेजाऱ्यांनी बांधलं, याचा आधार घेऊ नका. त्यातली काही घरं जुन्या परवानगीची असतील, काही गुंठेवारीत नियमित झालेली असतील, काहींना नोटीस येऊनही गेली असेल आणि त्यांनी ती कुणाला दाखवली नसेल. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 53 खाली नोटीस येते ती एकेका घराला. तेव्हा शेजारचं घर उभं आहे हे उत्तर चालत नाही. कलम 52 मध्ये कैदेची आणि दंडाची शिक्षा आहे. पर्यावरण संरक्षण कायद्यातही 2024 पासून कैदेच्या जागी 10 हजारांपासून 15 लाख रुपयांपर्यंतचा दंड आला आहे. दोन नोकऱ्यांवर चालणाऱ्या घराला हा आकडा पेलणारा नाही.

एजंटाच्या साठ दिवसांच्या गोष्टीलाही कायद्यात पाया आहे, त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम 45 मध्ये. अर्ज पूर्ण असेल, आराखडा सर्व नियमांत बसणारा असेल आणि 60 दिवसांत काहीच कळवलं नाही, तर परवानगी मानली जाते. नियमांत बसणारा ही अट गाळली की वाक्य ऐकायला सोपं होतं. मनाईच्या पट्ट्यात येणारं बांधकाम साठ दिवसांत काय, साठ महिन्यांतही मानीव परवानगीनं कायदेशीर होत नाही. लेखी परवाना हातात नसताना जोत्याला हात लावू नका. परवानगी नाकारली गेली, तर कलम 47 खाली 40 दिवसांत अपील करता येतं. ती वाट सरळ आहे.

कागदांचं थोडं सांगतो. सातबारा नवा काढा आणि त्यातला पोटखराब्याचा रकाना वाचा. तुमचा खालचा कोपरा तिथं नोंदलेला असण्याची शक्यता आहे. वर्ग 'अ' असेल तर ती फक्त लागवडीला अयोग्य जमीन. वर्ग 'ब' असेल तर ती रस्ता, ओढा, तळं अशा सार्वजनिक उपयोगाखालची धरलेली असते, आणि तिथं घराचा विचारच सोडावा लागेल. सातबारा दोन्ही भावांच्या नावे सामाईक आहे, त्यामुळे वाटणी होऊन हिस्से वेगळे झाले पाहिजेत किंवा भाऊजींचं संमतीपत्र लागेल. फक्त तुमच्या मिस्टरांच्या सहीनं अर्ज पुढं सरकणार नाही. त्यानंतर भूमी अभिलेखकडे हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज. शेतात ऊस उभा असताना मोजणी नीट होत नाही. तोड झाल्यावरची तारीख मिळेल अशा बेतानं अर्ज आधीच घाला. आणि एक विनंती: मोजणीदाराला त्या नकाशावर पाण्याच्या कडेची नोंद घ्यायला सांगा, तुमच्या खुंट्या तिथं असतीलच. शेतीची जमीन असेल तर अकृषिकचा प्रश्न येतो, पण झोन रहिवासी असेल तर त्याची वेगळी परवानगी बहुतेक वेळा लागत नाही. ठरलेली रक्कम सरकारजमा करून ते होतं. हे तलाठ्याकडे आणि तहसीलमध्ये एकदा विचारून घ्या.

हे सगळं जमल्यावर परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारद गाठा. अर्ज ऑनलाइन होतो आणि तोच भरतो. छाननी 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे होते. अभियंता निवडताना एकच कसोटी लावा: पाण्याची कडा आराखड्यात खरी दाखवायला तो तयार आहे का? "ती रेषा नका दाखवू, उगाच क्वेरी निघते" असं म्हणणारा असेल तर उठून या. लपवलेल्या माहितीवर मिळालेली परवानगी रद्द करता येते, आणि ती रद्द होते तेव्हा घर बांधून झालेलं असतं.

याच विषयावर नदीकाठच्या वाचकांचीही पत्रं येतात, म्हणून एक परिच्छेद त्यांच्यासाठी. पंचगंगेला पाटबंधारे खात्यानं दोन पूररेषा आखल्या आहेत: 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत घर नाही. निळी आणि लालच्या मध्ये घर चालतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर हवं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी 43 फूट आहे. 2019 ला आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. पुरात बुडणाऱ्या चिखली-आंबेवाडीच्या माणसाला यापुढं काही सांगायची गरज नाही. ताई, तुमची जमीन नदीपासून लांब आहे, तरी झोन दाखल्याबरोबर पूररेषेचा प्रश्नही विचारून टाका, म्हणजे कागदावर येईल.

समजा, सगळं तुमच्या बाजूनं निघालं, वरच्या अंगाला घर बसतंय. तरी माझी कळकळीची विनंती आहे की खालचा कोपरा तसाच ठेवा. आपल्या शहरानं तळी बुजवून पाहिली आहेत. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, आणि जोराच्या पावसात ते मैदान आजही तळं होतं. कपिलतीर्थावर मंडई आहे. पाण्याची जागा घेतली की पाणी शेजारच्याच्या दारात जातं. तुमच्या कोपऱ्यानं पाणी साठवणं बंद केलं तर ते खालच्या घरांत शिरेल आणि तलावात जाईल तेव्हा गाळ घेऊन जाईल.

आणि मैलापाणी. याबद्दल परवानगीच्या धावपळीत कुणी बोलत नाही, पण तलावाजवळच्या घराची खरी परीक्षा तिथंच आहे. जमिनीखाली पाणी वर असेल तर शोषखड्डा काम करत नाही. पावसाळ्यात तो भरतो, उलटतो आणि सगळं तलावाच्या दिशेनं झिरपतं. आसपास भुयारी गटार असेल तर जोडणीचा खर्च कितीही वाटला तरी ती घ्या. नसेल तर सेप्टिक टाकी गळती नसलेली, सिमेंटची, पाण्यापासून जितकी लांब शक्य तितकी, आणि वेळेवर गाडी बोलावून उपसायची. विहीर किंवा बोअर आणि टाकी यांची जागा आराखड्यातच ठरवा. काळ्या मातीची जमीन असेल तर माती तपासणीही करून घ्या. ओलीत फुगणारी आणि उन्हात तडकणारी ती माती पाया हलवते.

भावाचं मन मोडण्याबद्दल. हे काम मिस्टरांवर एकट्यावर टाकू नका, आणि भाऊजी चुकले असंही म्हणू नका. वाटणी आणि मोजणी झाली तर त्यांचाही हिस्सा स्वच्छ होतो. उद्या त्यांच्या मुलांना बांधायचं झालं तर हाच नकाशा लागणार आहे. त्यांना सोबत घेऊन झोन दाखल्याला जा. खिडकीवरच्या माणसानं सांगितलेलं त्यांनी स्वतः ऐकलं की घरात तुम्हाला वाद घालावा लागणार नाही. मोजणीचा खर्च दोघांत वाटून घ्या, पण अर्जाच्या पावत्या तुमच्या कपाटात ठेवा.

उत्तर विरुद्ध आलं, रेषा तुमच्या वाट्यावरून गेली आणि 50 मीटरच्या बाहेर घराएवढी जागा उरली नाही, तर तिथं घर नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो. दु:ख होईल. सासऱ्यांची जमीन आहे. पण ती जमीन जात नाही, तिची मालकी तुमचीच राहते. आज जे पीक किंवा गवत निघतं ते निघत राहील. त्याआधी वाटणीचा विचार पुन्हा करा: 11 गुंठ्यांत वरचा भाग कुणाकडे आणि खालचा कुणाकडे, हे अजून ठरलेलं नसेल तर दोन्ही घरं वरच्या अंगाला बसतील अशी उभी विभागणी होऊ शकते का, हे मोजणीदाराला विचारा. खालचा पट्टा दोघांत सामाईक आणि मोकळा ठेवता येईल. म्हणून वाटणीच्या कागदावर सही करण्याआधी पाण्याची रेषा नकाशावर येऊ द्या.